हॉर्नेट, माडीवरची खोली आणि तीस बटणं

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं. कॉम्प्युटरवर उडवायला शिकायचं लढाऊ विमान हॉर्नेटच.

चार महिने नुसते व्हिडिओ बघण्यात गेले, म्हणून आजपासून वही. मागाच्या कार्डांचं काम शिकताना वहीनंच तारलं होतं: कुठलं कार्ड, बिघाड काय, बदललं काय, तेच कार्ड पुन्हा आलं का. विमानालाही तोच नियम.

माझा धंदा यंत्रमागाच्या कंट्रोल कार्डांच्या दुरुस्तीचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने हे गिऱ्हाईक. खऱ्या विमानात एकदाच बसलोय, हैदराबादहून दिल्लीला, आणि तेव्हाही मधली सीट. तेव्हा अधिकार शून्य.

सामान असं: जुना कॉम्प्युटर, त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, पुण्याहून आणलेली वापरलेली जॉयस्टिक आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा. रडरची, म्हणजे शेपटीच्या सुकाणूची, पेडलं नाहीत, स्टिक पिळली की रडर. सिम्युलेटर डीसीएस वर्ल्ड. मूळ प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्यात सु-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानंही येतात. एफ/ए-१८सी हॉर्नेट वेगळं विकत घ्यावं लागतं. पैसे किती गेले ते वहीत लिहीत नाही, वही घरातच असते.

भाचा म्हणाला, "मामा, आपल्या हवाई दलाचं घ्या की, मिराज आहे त्यात." आहे. पण हॉर्नेट घेण्यामागं कारण आहे. हे विमान उडवायला सोपं आणि चालवायला अवघड आहे असं सगळे सांगतात. स्टिक सोडली तरी कॉम्प्युटर त्याला सरळ धरून ठेवतो. मग वैमानिक करतो काय दिवसभर? ते बघायचंय.

८ जानेवारी

पहिला कोल्ड स्टार्ट. म्हणजे सगळं बंद, स्क्रीन काळे, विमान उन्हात उभं. सत्तेचाळीस मिनिटं लागली. सगळं माउसनं.

क्रम वहीत उतरवून ठेवतो. बॅटरी ऑन. मग एपीयू, म्हणजे मागच्या अंगाला बसवलेलं छोटं इंजिन, मोठ्या दोघांना फिरवायला हवा पुरवणारं. त्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत गप्प बसायचं. मग क्रँकचा, म्हणजे इंजिन फिरवायचा, स्विच उजवीकडे. पहिलं इंजिन उजवंच, कारण ब्रेकला लागणारा हायड्रॉलिकचा दाब उजव्याच्या पंपावर आहे. आरपीएमचा आकडा चढायला लागतो. मी २५ टक्के दिसेपर्यंत थांबतो आणि उजवा थ्रॉटल ऑफवरून आयडलवर नेतो. इंजिन पेटतं, साठीच्या पुढं जाऊन स्थिरावतं. मग डावं. मग ब्लीड एअरची मूठ एक पूर्ण फेरा फिरवून परत जागेवर. मग एफसीएस, म्हणजे उड्डाण सांभाळणारा कॉम्प्युटर, रिसेट, ट्रिमचं बटण, आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, हाफ.

मधे आयएनएस लावायचं असतं. मी कुठं उभा आहे आणि उत्तर कुठं, हे विमान जमिनीवर स्थिर उभं राहून शोधतं. त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पार्किंग ब्रेक लावलेला हवा. मी ब्रेक सोडून हलायला लागलो. म्हणजे त्याला स्वतःचा पत्ता सापडायच्या आत मी गाडी काढली.

उड्डाण झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, खरंच सोपं आहे.

१८ जानेवारी

गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेमुळे, मधले दिवस गेले. पाहुणे, नंदीध्वजांची मिरवणूक, पोरीला पाळण्यात बसवणं. सातही नंदीध्वज जाईपर्यंत उभे होतो. धरणाऱ्याकडं मी दरवर्षी बघतो, पण यंदा वेगळ्या नजरेनं बघितलं. एवढी उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलायची, आणि माणूस काठी कललेली दिसायची वाट बघतच नाही. कलायच्या आतच कंबर हललेली असते. याची आठवण ठेवायची, उतरताना लागेल असं वाटतंय.

२६ जानेवारी

माउसनं हे होणार नाही. एका हातात स्टिक, दुसऱ्यात थ्रॉटल असताना तिसरा हात माउसला कुठून आणू? पॅनेल करायचं ठरलं. प्लायचा तुकडा कारखान्यातल्या सुताराकडून कापून घेतला, साडेअकरा इंच बाय आठ. तीस स्विच. नवी पेठेतून टॉगल आणले, दोन प्रकारचे, दोन टप्प्यांचे आणि तीन टप्प्यांचे.

मेंदू म्हणून प्रो मायक्रो बोर्ड. त्यातली एटीमेगा३२यू४ चिप यूएसबीवर स्वतःला जॉयस्टिक म्हणून ओळख देते, म्हणून हाच घ्यायचा. तीस स्विचला तीस पिना कुठून आणणार? ओळी आणि रकाने. पाच ओळी, सहा रकाने, अकरा पिनांत तीस स्विच. मागाच्या कीपॅडला हेच असतं, त्यात नवीन काही नाही.

२ फेब्रुवारी

नवीन काही नाही म्हणालो आणि तिथंच आपटलो.

प्रत्येक स्विचला एक डायोड लावायचा असतो, १एन४१४८, रुपया-दोन रुपयांचा. मी म्हटलं, एका वेळी तीन बटणं कोण दाबतंय, आणि डायोड वगळले. कीपॅडला ते चालतंही. पण टॉगल दाबून सोडायचं नसतं, ते लावलेलंच राहतं! बॅटरी लावलेली, जनरेटर लावलेले, दिवे लावलेले. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच ऑन असले की करंट वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातून येतो आणि बोर्डाला वाटतं चौथाही ऑन आहे. माझा चौथा कोपरा होता गियर, म्हणजे चाकं वर-खाली करायचा स्विच. विमान जमिनीवर उभं, मी दिवे लावतोय आणि पॅनेल सांगतंय गियर वर घे. खऱ्या विमानाप्रमाणं यातही चाकांवर वजन असताना गियर उचलला जात नाही, म्हणून पोटावर बसलं नाही इतकंच.

तीस डायोड लावले. रात्री दीडपर्यंत सोल्डरिंग. एक उलटा लागला, तो सकाळी सापडला.

९ फेब्रुवारी

क्रँकच्या स्विचचा घोळ. विमानातला हा स्विच उजवीकडं ढकलला की आतला चुंबक त्याला धरून ठेवतो, आणि इंजिन स्वतःच्या पायावर उभं राहिलं की सोडून देतो. खट्कन मधे येतो. माझा टॉगल बिचारा ढकलला तिथंच पडून राहतो. त्यामुळे स्क्रीनवरचा स्विच मधे आणि टेबलावरचा उजवीकडं. डाव्या इंजिनाला ढकलताना आधी मधे आणावा लागतो, मग डावीकडं, आणि या गडबडीत एकदा चालू इंजिनालाच पुन्हा क्रँक दिला.

उपाय साधा निघाला. दोन्ही बाजूंना स्प्रिंग असलेला टॉगल लावला. एकदा ढकलायचा, बोट काढायचं, तो मधे येतो. स्क्रीनवरचा मात्र धरून बसतो आणि वेळ झाली की सुटतो. आता दोघं एकमेकांशी खोटं बोलत नाहीत.

१६ फेब्रुवारी

पोरगी आठवीत आहे. तिला चेकलिस्ट वाचायला बसवलं. ती प्रश्न वाचते, मी हात लावून उत्तर देतो.

"बॅटरी?"

"ऑन."

"एपीयू?"

"ऑन, हिरवा."

"ब्लीड एअर?"

"झालं."

"पप्पा, हात नाही लावला तुम्ही."

खरं होतं. तोंडानं झालं म्हणालो, हात थ्रॉटलवरच होता. तिनं परत पहिल्यापासून वाचायला लावलं. आई शोभते. स्टार्ट आता नऊ मिनिटांत येतो, आयएनएसची वाट धरून.

आप्पा दारात उभे राहून बघत होते. चौतीस वर्षं गिरणीत साचा, म्हणजे माग, चालवलेला माणूस. म्हणाले, "वाचून नाही बे यायचं. हाताला कळलं की येतं." आणि गेले झोपायला.

२ मार्च

मुख्य दुखणं आज वहीत घेतो. हवेत दुसरं विमान शोधणं, रडारवर पकडणं. तीन आठवडे हेच चाललंय आणि नोंद करण्यासारखं काही घडत नव्हतं, नुसती चिडचिड.

हॉर्नेटमध्ये समोर डावा-उजवा असे दोन स्क्रीन, खाली मधोमध तिसरा, आणि डोळ्यासमोर काचेवर आकडे-खुणा दाखवणारा हड. प्रत्येक स्क्रीनच्या चारही कडांना मिळून वीस बटणं. पण लढताना ती दाबायची नसतात. सगळं स्टिक आणि थ्रॉटलवर आणून ठेवलंय. थ्रॉटलवर एक छोटी घुंडी आहे, टीडीसी, तिनं स्क्रीनवरचा कर्सर हलतो. स्टिकवर चार दिशांना सरकणारा एक स्विच आहे, सेन्सर कंट्रोल. पुढं, मागं, डावा, उजवा.

भानगड अशी की एकाच घुंडीला चार धनी आहेत. ती रडारचा कर्सर हलवेल का नकाशाचा का टार्गेटिंग पॉडचा कॅमेरा, हे त्या क्षणी कुठल्या स्क्रीनला तिचा ताबा दिलाय यावर ठरतं. मी रडारकडं बघत घुंडी हलवतो आणि कर्सर जागचा हलत नाही, कारण ताबा खालच्या नकाशाकडं आहे. तिकडं नकाशाचा खुणेचा ठिपका कुठल्या कुठं गेलेला असतो. मी समजायचो घुंडी खराब आहे. दोनदा खोलून साफ केली!

९ मार्च

सापडलं. पुस्तकात पहिल्यापासून लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलंही होतं. ज्या स्क्रीनकडं ताबा असतो त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पत्त्यातल्या चौकटसारखा छोटा हिऱ्याचा आकार दिसतो. बस. एवढीच खूण. नखाएवढी.

कारखान्यात फिरताना मी हे रोज करतो, फक्त कधी लक्षात आलं नव्हतं. साखर पेठेतले पद्मशाली मालक समोर असले की पहिले दोन शब्द तेलुगूत जातात. अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक आलं की कन्नड. साच्यावरच्या कारागिराशी दखनी. तोंड एकच आहे, पण उघडायच्या आत समोर कोण हे बघितलेलं असतं. सोलापुरात वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. चुकून कधी तेलुगूत सुरुवात केली आणि समोरचा कन्नड निघाला, तर तो हसतो तरी. रडार हसत नाही.

म्हणून आजपासून सवय: आधी हिरा, मग बोट.

१५ मार्च

सवय इतकी सोपी नाही. कारण तोच सेन्सर स्विच परिस्थिती बदलली की अर्थही बदलतो. साध्या वेळी डावीकडं ढकलला तर डाव्या स्क्रीनला ताबा. पण जवळच्या लढाईसाठी तो पुढं ढकलला की रडार एसीएममध्ये जातं, स्वतः शोधून स्वतः पकडायला लागतं, आणि आता मागं ओढला की उभी पट्टी शोधतं, डावीकडं ढकलला की रुंद चौकट. म्हणजे दखनी बोलता बोलता मधेच व्याकरण बदललं.

शस्त्र निवडायचा स्विचही स्टिकवरच. पुढं स्पॅरो, आत दाबला की साइडवाइंडर, उजवीकडं ॲमरॅम, ही तिन्ही क्षेपणास्त्रं, आणि मागं तोफ. गंमत म्हणजे हा निवडला की विमान आपण होऊन हवाई लढाईच्या मोडमध्ये जातं, रडारही त्याप्रमाणं बसतं. आधी मला ही आगाऊगिरी वाटायची. आता वाटतं, कुणीतरी फार विचार करून केलंय. अंगठा एकदा हलवला आणि सहा कामं झाली.

आज पहिल्यांदा पंधरा मिनिटं मान खाली न घालता उडलो. तीनदा लॉक मिळाला, एकदा सुटला. सुटला तेव्हा हिरा बघितला नव्हता.

३० मार्च

पाडवा. सुट्टी. श्रीखंड खाऊन दुपारभर झोपलो. रात्री दहा मिनिटं नुसता उडलो, काही न शिकता.

६ एप्रिल

बॉम्ब. एमके-८२, ५०० पौंड वर्गातला, साधा, कुठलीही दिशा न कळणारा. सीसीआयपी मोडमध्ये हडवर एक ठिपका दिसतो, आता सोडला तर तिथं पडेल असं सांगणारा. ठिपका ट्रकवर आणायचा आणि दाबायचं.

ठिपका ट्रकवर आणला. मास्टर आर्म, म्हणजे शस्त्रांचा मुख्य स्विच, लावलेला. दाबला. बॉम्ब सुटला, मागं वळून बघितलं तर ट्रक उभाच. पुन्हा गेलो, पुन्हा सोडला, ट्रक उभा. चार बॉम्ब. शेवटचा तर मी शपथेवर सांगतो ट्रकच्या टपावर पडला.

फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणारा भाग, निवडला नव्हता. स्टोअर्सच्या, म्हणजे शस्त्रांच्या, पानावर फ्यूज कोणता हे सांगावं लागतं, नाहीतर तो लोखंडाचा ठोकळा. भाच्याला फोनवर सांगितलं तर पाच मिनिटं हसत होता. "मामा, तुम्ही चार वेळा वीट फेकून मारली."

२० एप्रिल

पारा चाळिशीच्या पुढं. माडीवरची खोली पत्र्याची, दुपारी तिथं पाऊल ठेवत नाही. रात्री दहानंतरही कॉम्प्युटरचा पंखा पिठाच्या चक्कीसारखा ओरडतो. बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला. ग्राफिक्स कार्डाचं तापमान बारा अंशांनी उतरलं, मला मात्र वारा नाही.

लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला, त्याच वेळी विमानातली बाईही. हॉर्नेटमध्ये इशारे देणारा बाईचा आवाज आहे, सगळं दोनदा सांगणारा. "बिंगो, बिंगो." बिंगो म्हणजे परतीपुरतं इंधन उरलं. तो आकडा आपणच आधी भरून ठेवायचा असतो, डाव्या गुडघ्याजवळच्या छोट्या स्क्रीनवर बाणाची बटणं दाबून. पोटात सुमारे १०,८०० पौंड मावतं, पण आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लावला की आकडा डोळ्यांदेखत पळतो.

मागावर उभा धागा तुटला की त्याच्यावरची ड्रॉप पिन खाली पडते, सर्किट पुरं होतं, माग जागच्या जागी थांबतो. इशारा आणि उपाय एकच. विमानाला थांबता येत नाही, म्हणून त्याला बोलावं लागतं. आणि बोलणं ऐकायचं का नाही हे माणसावर.

घरात हा शब्द पसरलाय. सकाळी पोरगी दुधाचं पातेलं हलवून म्हणाली, "बिंगो, बिंगो." बायकोनं माझ्याकडं बघितलं.

२८ एप्रिल

भाच्याचा फोन, बातमी वाचून. नौदलासाठी २६ राफेल-एमचा करार आज झाला. बावीस एका माणसाची, चार दोघांची. "मामा, तुमचं हॉर्नेट हरलं."

मी सांगितलं की हरलं ते सुपर हॉर्नेट, हे वेगळं, अंगानं मोठं विमान. २०२२ साली गोव्यात आयएनएस हंसावर दोघांचीही चाचणी झाली होती, टोकाशी वर चढणाऱ्या धावपट्टीवरून उडवून. आणि हरण्याचं म्हणशील तर हे घराणंच हरण्यातून आलंय. अमेरिकी हवाई दलाच्या स्पर्धेत वायएफ-१६ नं वायएफ-१७ ला हरवलं, निकाल जानेवारी १९७५ चा. त्या हरलेल्याला नौदलानं उचललं, दोन इंजिनं आहेत म्हणून समुद्रावर बरं, आणि त्यातून एफ/ए-१८ झालं. पहिलं उड्डाण १८ नोव्हेंबर १९७८.

"म्हणजे तुमच्यासारखंच," तो म्हणाला, "डिप्लोमाला नापास होऊन कार्डं दुरुस्त करणारं." फोन ठेवला मी.

११ मे

उतरणं. आतापर्यंत मी उतरत नव्हतो, आपटत होतो. हॉर्नेटचं गियर विमानवाहू नौकेसाठी बनवलेलं, दणकट, ते सहन करतं, म्हणून माझी चूक झाकली जात होती.

गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात पक्कं असतं की वेग म्हणजे ॲक्सिलरेटर. विमानातही नाक वर केलं की उंची, थ्रॉटल म्हणजे वेग. उतरताना हॉर्नेटमध्ये हे उलटं करायचं. फ्लॅप खाली आले, वेग उतरला की कॉम्प्युटर आपलं वागणं बदलतो, आणि ट्रिमचं बटण आता नाकाचा कल नव्हे तर हवेला भिडण्याचा कोन धरून ठेवतं. तो हवा ८.१ अंश. एकदा ट्रिम करून तिथं बसवला की स्टिक पुढं-मागं करायचीच नाही. खाली जातोय? थ्रॉटल पुढं. वर राहतोय? थ्रॉटल मागं. स्टिक फक्त डावं-उजवं.

हडच्या डावीकडं तीन दिवे असतात एकाखाली एक. मधला पिवळा गोल म्हणजे बरोबर. खालचा लाल बाण म्हणजे जोरात चाललाय. वरचा हिरवा बाण म्हणजे वेग कमी पडला. हिरवं दिसलं की आपलं मन निवांत होतं, सिग्नलची सवय. इथं हिरवं म्हणजे पडायच्या बाजूला झुकलाय! दोन दिवस मी हिरव्यावर खूश होऊन धावपट्टीच्या अलीकडं उतरत होतो.

१८ मे

नंदीध्वजाची नोंद आज कामाला आली. थ्रॉटलचा हात कधी स्थिर ठेवायचाच नाही. थोडा पुढं, लगेच अर्धा मागं, पुन्हा चिमूटभर पुढं. मी काय करत होतो, खाली गेलेलं दिसलं की मग थ्रॉटल द्यायचो. इंजिनाला जोर धरायला क्षण लागतो, तोवर आणखी खाली, मग घाबरून जास्त, मग वर उडी. दिसल्यावर सावरलं की उशीरच झालेला असतो.

पण हात चांगला असून आकडा थरथरतोय असं वाटलं. बघितलं तर थ्रॉटलमधला पॉट, म्हणजे दांडा कुठं आहे ते सांगणारा घासून चालणारा भाग, झिजलाय, हात स्थिर असतानाही दोन टक्के नाचतो. हे माझ्या धंद्यातलं काम. पॉट काढला, दांड्याला छोटं मॅग्नेट चिकटवलं, समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवला. घासणं नाही म्हणून झिजणं नाही. आता सुईसारखा चालतो. दहापैकी सात वेळा पट्टीवर, पिवळ्या गोलात.

१६ जून

९ तारखेला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. इतकी वर्षं नुसती चर्चा ऐकलेली. या आठवड्यात पोरीला घेऊन रस्त्याकडेला उभा राहिलो. एटीआर, दोन पंख्यांचं, खाली येत होतं. आजूबाजूला वीसेक माणसं, कुणी लेकरं खांद्यावर घेतलेली. पोरगी जोरात म्हणाली, "फ्लॅप फुल!" शेजारच्या आजोबांनी तिच्याकडं वळून बघितलं.

परत येताना हिशोब केला. तीन अंशांच्या उतारावर एक किलोमीटरला साधारण ५२ मीटर उंची येते. म्हणजे धावपट्टीपासून पावणेदोन किलोमीटरच्या आत ९० मीटरच्या आसपासची चिमणी असली तर ती उताराच्या रेषेतच घुसते. विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची तशीच चिमणी विमानांना अडथळा म्हणून जून २०२३ मध्ये पाडली तेव्हा गावात दोन तट होते आणि मी कुठल्याच तटात नव्हतो. बाजू अजूनही घेत नाही, उसाचं आणि पोटाचं गणित वेगळं असतं. पण तेव्हा त्या भांडणातला हा अंशांचा भाग मला कळत नव्हता, आज वहीच्या कडेला चार ओळींत बसला.

२९ जून

नौका. आमचा पाण्याशी संबंध सिद्धेश्वर तलाव आणि फार तर उजनी, तरी गेलो.

पद्धत पाठ आहे. नौकेच्या बाजूनं ८०० फुटांवर, ३५० नॉटनं पुढं जायचं, डावीकडं करकचून वळायचं, वेग उतरवत गियर, फ्लॅप, हूक. उलट दिशेनं जाताना ६०० फूट. पुन्हा वळण, आणि शेवटचे पंधरा-अठरा सेकंद सरळ. डेकवर आडव्या चार तारा, शेपटीखालच्या हूकनं तिसरी पकडायची. टेकल्या क्षणी थ्रॉटल पूर्ण पुढं, कारण तार सुटली तर परत उडायला जोर लागणार. माग थांबवताना जो माणूस तीस वर्षं स्विच बंदच करत आलाय त्याला टेकल्यावर पूर्ण जोर द्यायला सांगणं म्हणजे शिक्षा आहे.

पुस्तकात वाचून न कळलेली गोष्ट ही की उतरायची पट्टी नौकेच्या नाकाच्या सरळ रेषेत नसते, डावीकडं नऊएक अंश वळलेली असते. नौका पुढं चालतेय, म्हणजे पट्टी सतत उजवीकडं सरकतेय. मी नेम धरतो आणि ती निघून जाते. सारखं थोडं उजवीकडं, थोडं उजवीकडं.

आजचे प्रयत्न १४. समुद्रात ५. नौकेच्या मागच्या कडेवर ३. वरून निघून गेलो ६. तार शून्य.

६ जुलै

आषाढी. पंढरपूर तासा-दीड तासावर, गावातली निम्मी माणसं तिकडं. कारखाने बंद. दुपारी दोन तास मिळाले. प्रयत्न ११, तार शून्य, पण समुद्रात एकदाच.

१३ जुलै

प्रयत्न ९. आठवा.

पोरगी मागं खुर्चीवर बसून दिवे वाचत होती. मी सांगितलं होतं, फक्त दिवा सांग, सल्ला देऊ नकोस. "गोल. गोल. लाल. गोल. गोल. हिरवा, पप्पा हिरवा, गोल." थ्रॉटल आधीच पुढं गेला होता, ती हिरवा म्हणायच्या आत. माझ्या लक्षात ते नंतर आलं. टेकलो, थ्रॉटल पूर्ण पुढं, आणि विमान गळ्यात दोरी पडल्यासारखं थांबलं. स्क्रीनवर सगळं स्थिर, फक्त इंजिनं ओरडतायत. थ्रॉटल मागं घ्यायचं मला सुचेना. तिनंच सांगितलं.

तार क्रमांक दोन. तिसरी नाही.

नववा प्रयत्न समुद्रात.

रात्री बारा वाजून दहा. पॅनेलवरचा जनरेटरचा डावा स्विच मधेच सुटतो, सोल्डर कच्चा असणार. उद्या कारखान्यात तीन कार्डं द्यायची आहेत, ते झाल्यावर बघतो.